लिंगबदलाने पोटगी थांबत नाही

‘पूर्वीची पत्नी पुरुष झाली की पोटगी आपोआप बंद’ हा समज चुकीचा आहे. २००७ मध्ये फ्लोरिडात एका घटस्फोटित पतीने हाच मुद्दा कोर्टात मांडला: करार एका स्त्रीशी झाला होता, पुरुषाला पैसे का द्यायचे? न्यायाधीशांनी दरमहा १,२५० डॉलरची पोटगी कायम ठेवली. माझ्या मते ते योग्यच होतं. पोटगी एका व्यक्तीला मिळते, तिच्या लिंगाला नाही. पोटगीचा कायदा केवळ स्त्री-पुरुष भेदावर उभा करता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच सांगितलं होतं. तो खटला अलाबामाचा. पुनर्विवाह किंवा मृत्यू ही पोटगी थांबण्याची नेहमीची कारणं. लिंगबदल त्यांत बसत नाही.