‘निसर्ग’ वादळानंतरचे श्रीवर्धन-दापोली : पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्यातले दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बाणकोट खाडीपलीकडचे, रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास, केळशी, आंजर्ले. या पट्ट्यात मे महिना सरत आला आणि अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली, की घराघरांत धास्ती पसरते. पत्र्यांना दोरखंड बांधले जातात, मुंबईहून दिवसातून चार वेळा फोन येतात, म्हाताऱ्या माणसांना झोप लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळापर्यंत असे नव्हते.

वादळे त्याआधीही झाली होती. १९४८ चे वादळ जुन्या लोकांच्या बोलण्यात असे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले, पण त्याने मुख्यतः समुद्रात गेलेल्या खलाशांना गाठले. वादळ म्हणजे दर्यावरच्या माणसाचे संकट, ही वाडीवाल्यांची, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा राखणाऱ्यांची, समजूत त्यामुळे कायम राहिली. फयाननंतर महिन्याभरातच, डिसेंबर २००९ मध्ये, आपत्तीग्रस्तांना मानसिक आधार कसा द्यावा याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने काढली. ओडिशाचे १९९९ चे महावादळ आणि २००४ ची त्सुनामी यांचा अनुभव त्यामागे होता. निसर्ग आले तेव्हा हा कागद साडेदहा वर्षांचा झालेला होता.

पूर्वसूचना वेळेवर मिळाली, हजारो लोक हलवले गेले आणि मोजक्या मृत्यूंवर निभावले. प्रशासनाचे हे यश खरे आहे. पण जीव वाचले म्हणून बाकीच्या नुकसानीकडे ‘वित्तहानी’ म्हणून बघितले गेले, आणि तिथेच चूक झाली असे मला वाटते. करोनाची टाळेबंदी उठवण्याचा राज्यातला पहिला टप्पा नेमका त्याच दिवशी सुरू होत होता. चाकरमानी मुंबईत अडकलेले, काही गावी येऊन शाळेत विलगीकरणात. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्याने विजेचे खांब आणि मोबाइलचे टॉवर आडवे केले. आईवडील जिवंत आहेत का, हे कळायलाही कित्येकांना दोन-तीन दिवस लागले. बऱ्याच गावांत वीज यायला महिना उलटला. कौले उडालेल्या घरांवर ताडपत्री टाकून लोकांनी तो पावसाळा काढला.

घर पुन्हा शाकारता येते. वाडीचे तसे नाही. माड (नारळ) आणि पोफळ (सुपारी) यांना शेंड्याचा एकच कोंब असतो. तो मोडला की खोड उभे असले तरी झाड मेलेलेच. आंब्यासारखी बाजूने फूट येत नाही. शिवाय पोफळीचे रोप कडक उन्हात तगत नाही, त्याला मोठ्या झाडांची सावली लागते, आणि ती सावलीच गेली होती. त्यामुळे आधी केळी लावा, तिच्या आडोशाला पोफळ लावा, मग सहा-सात वर्षे शिंपत राहा, तेव्हा पहिली सुपारी. आजोबांनी लावलेली, बापाने राखलेली वाडी साठ वर्षांच्या माणसाने पहिल्यापासून उभी करायची होती.

या माणसांना सर्वांत जास्त काय लागले असेल तर भरपाईचे माप. फळबागांसाठी हेक्टरी १८ हजारांची मदत सरकारने ५० हजारांवर नेली, कमाल दोन हेक्टरपर्यंत. कागदावर ही जवळजवळ तिप्पट वाढ होती आणि जाहीरही तशीच झाली. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. हेक्टरात साधारण शंभर गुंठे धरले, तर दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार रुपये. आडवी पडलेली झाडे कापून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त होती. ओरड झाल्यावर झाडागणिक मदत ठरली : नारळाला २५०, सुपारीला ५० रुपये. दाट वाडीवाल्याला यात थोडे अधिक मिळाले, हे मान्य करायला हवे. केंद्राचे निकष हेक्टरातच आहेत, राज्याने त्यापलीकडे जाऊन दिले, ही सरकारची बाजूही खोटी नाही. तरी वर्षाला सत्तर-ऐंशी नारळ देणाऱ्या माडाची किंमत बाजारातल्या दहा-बारा नारळांइतकी ठरली, आणि पन्नास रुपयांत त्या वेळी पाव किलो रोठा सुपारीही येत नव्हती. एवढ्याच किमतीचे होते का आपले सगळे, हा विचार त्या दिवसापासून अनेकांच्या मनातून गेलेला नाही.

तेही पैसे सहज हाती आले नाहीत. सातबारा सामाईक, त्यावर दहा-पंधरा नावे, त्यातली काही वारलेल्यांची, काही मुंबई-ठाण्यात. संमतीपत्रासाठी वर्षानुवर्षे न बोललेल्या चुलतभावांना फोन करावे लागले. जुने वाटणीचे वाद उकरले गेले. वादळाने नाही तितकी भावकी या कागदांनी मोडली, असे म्हणणारी घरे आजही आहेत.

सावरायला वर्षही मिळाले नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर गेले. त्या रात्री बरेच लोक निसर्गच्या आठवणीनेच घर सोडून पक्क्या इमारतीत जाऊन बसले. जुलैत चिपळूण-महाडला पूर आला, महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. सगळे लक्ष, मदत आणि स्वयंसेवक तिकडे वळले, ते साहजिकच होते. निसर्गग्रस्तांनी मग आपले दुःख बोलणे बंद केले. माणसे गाडली गेली तिथे आपण झाडांसाठी काय रडायचे, असे वाटून.

पंचनाम्यात घर, गोठा, जनावर, होडी, जाळी, झाड हे सगळे मोजले गेले. छातीत धडधडते, अन्न जात नाही, वाडीत पाऊल टाकवत नाही, हे ज्याला सांगावे असा माणूस मात्र नव्हता. मनोविकाराच्या उपचारासाठी श्रीवर्धनहून अलिबाग गाठायचे तर शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ता, दापोलीकरांना रत्नागिरी त्याहूनही लांब. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही मानसिक आधाराची मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे आणि ती मराठीतही बोलते. दरम्यान कोणी वाडी विकली, कोणी तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, आणि ज्यांनी २०२० च्या पावसाळ्यानंतर लगेच पोफळी लावल्या त्यांतल्या काहींना तौक्तेनंतर त्या दुसऱ्यांदा लावाव्या लागल्या.