साथ गेली, दुखणं राहिलं

सांगली-साताऱ्याकडे २००६ सालच्या चिकुनगुन्याचा विषय निघाला की लोक तापाबद्दल फारसं बोलत नाहीत, सांध्यांबद्दल बोलतात. ताप चार-पाच दिवसांत उतरला, सांधे मात्र धरले ते धरलेच. पहाटे म्हशीची धार काढायला बसावं तर मूठ वळेना. द्राक्षाच्या छाटणीत कात्री दाबली की मनगटातून कळ जायची. कुणी दोन महिन्यांत सुटलं, कुणाला वर्ष लागलं, कुणाचं दुखणं त्याहून पुढे गेलं. त्याच्या आधी १९७३ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, हीच साथ येऊन गेली होती. मग तीसेक वर्षं ती जवळजवळ दिसली नाही, आणि परतली तेव्हा देशभरात १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले.

साथीच्या नोंदींत मुख्यतः दोनच रकाने असतात, दगावले आणि बरे झाले. ताप गेला पण तब्येत परत आली नाही, अशांचा तिसरा रकाना कुणी आखलाच नाही. १९१८ च्या मानमोडीचं, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचंही तेच झालं. त्या जूनमध्ये मुंबईत आलेली ती साथ पावसाळ्यानंतर खेड्यापाड्यांत पसरली आणि भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. एवढ्या मरणात, उठून बसलेला माणूस पुढे सहा महिने नांगर धरू शकला की नाही, हे कोण विचारणार? युरोपातल्या डॉक्टरांनी मात्र १८८९ च्या इन्फ्लुएंझानंतरच महिनोन्‌महिने न हटणारा थकवा, झोप उडणं, मन खचणं हे सगळं लिहून ठेवलं होतं.

लिहून ठेवलं म्हणजे मानलं गेलं, असं मात्र नव्हे. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात १९५५ च्या उन्हाळ्यात २९२ कर्मचारी आजारी पडले. अंगदुखी, पराकोटीचा थकवा, स्नायूंतली ताकद गेलेली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. कारण सापडलं नाही. पंधरा वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, रुग्णांना न तपासता केवळ जुनी कागदपत्रं चाळून, हा सामूहिक उन्माद असावा असं मत दिलं. हा फार मोठा अन्याय होता असं मला वाटतं. ‘सगळं मनाचं आहे’ हे वाक्य पुढे कित्येक दवाखान्यांत, कित्येक बायकांना ऐकावं लागलं.

या वाक्याला चोख उत्तर मिळालं ते ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या शेतीच्या भागातून. तिथे संशोधकांनी २५३ रुग्णांना आजाराच्या सुरुवातीपासून वर्षभर नजरेखाली ठेवलं. तीन वेगवेगळे संसर्ग होते: एपस्टाईन-बार विषाणू, डासांमार्फत पसरणारा रॉस रिव्हर विषाणू आणि क्यू फीवर, जो जिवाणूमुळे होतो. २००६ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की सहा महिन्यांनीही साधारण १२ टक्के माणसं कामाला उभी राहू शकत नव्हती, आणि तिन्ही आजारांत हे प्रमाण जवळपास सारखंच निघालं. सुरुवातीचा आजार जितका कडक, तितका धोका जास्त. स्वभावाचा किंवा आधीच्या मानसिक त्रासाचा संबंध दिसला नाही.

मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला कोरोनाचे रुग्ण सापडले तेव्हा हे सगळं ज्ञान हाताशी होतं. तरी पुन्हा मोजले गेले ते बाधित, मृत आणि डिस्चार्ज झालेले. घरी आल्यावर जिना चढताना लागणारा दम, हिशेब करताना मध्येच तुटणारी साखळी, याचं काय, हे रुग्णांनीच आधी मांडलं. कोरोनानंतर रेंगाळणाऱ्या या त्रासाची, म्हणजे ‘लाँग कोविड’ची, जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये आली.

मग किती जणांना होतं? आकडा कुणाला मोजता यावर ठरतो. दवाखान्यात दाखल झालेल्यांतच पाहिलं तर तो फुगतो. त्यातच थकवा, डोकेदुखी, अंगदुखी कोरोना न झालेल्यांनाही असते. नेदरलँड्सच्या संशोधकांनी म्हणून दोन्ही गट समोर ठेवले. काही महिन्यांनंतर, कोरोना झालेल्यांत २१.४ टक्क्यांना एखादं तरी लक्षण नव्यानं आलेलं किंवा वाढलेलं होतं, न झालेल्यांत ८.७ टक्क्यांना. फरक उरला १२.७ टक्के, म्हणजे साधारण आठांत एक. डब्बोच्या आकड्याशी तो जुळावा हा कदाचित योगायोग असेल, कारण दोन्हीकडे मोजमाप वेगळं होतं. २०२० आणि २०२१ मधल्या रुग्णांचा जगभरचा एक अंदाज तीन महिन्यांनंतर सहा टक्क्यांच्या आसपास येतो. त्यात थकवा, श्वास आणि स्मरणशक्ती एवढ्याच तक्रारी धरल्या होत्या.

टक्के लहान वाटले तरी आजारी पडणारे लाखांत असतात. शिवाय यातल्या अनेकांना श्रम केल्यावर दुसऱ्या दिवशी जास्त त्रास होतो. ‘हळूहळू व्यायाम वाढवा’ हा दीर्घ थकव्याच्या आजारातला जुना सल्ला ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांतून २०२१ मध्ये काढून टाकला गेला, तो बराचसा रुग्णांनी सोसलेल्या अशाच त्रासामुळे. आपल्याकडे टनावर ऊस तोडणाऱ्याला किंवा रोजावर हळद काढणाऱ्या बाईला विश्रांती घ्या असं सांगणं सोपं आहे, पण त्या दिवसाची मजुरी कोण देणार, हे कुठल्याच सूचनेत लिहिलेलं नाही.