प्रवासी तंबोरा

प्रवासी तंबोरा : तंबोरा किंवा तानपुरा या चार तारांच्या आधारस्वराच्या वाद्याची, एकट्या माणसाला खांद्याला अडकवून एसटीत, रेल्वेत किंवा विमानात नेता येईल अशी आटोपशीर घडण. पुरुषी आवाजासाठी बनविलेला मिरज पद्धतीचा तंबोरा सुमारे पाच फूट लांब असतो. त्याचा भोपळा इतका फुगीर असतो, की भरलेल्या डब्यात त्याला बाकाखालीही जागा मिळत नाही आणि फळीवरही मिळत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात गाणे शिकणारे, भजनी मंडळांत साथ करणारे आणि गावोगाव कीर्तनाला जाणारे लोक बहुधा सार्वजनिक वाहनानेच फिरतात. त्यामुळे वाद्याचा आकार हा त्यांच्यासाठी सोयीचा प्रश्न तर असतोच, पण वाद्य सोबत न्यायचे की घरी ठेवायचे हेही त्यावरच ठरते.

फिरता तंबोरा ही कल्पना मात्र नवी नाही. वारकऱ्यांच्या दिंडीत वीणेकऱ्याच्या गळ्यात असते ती वीणा रचनेने लहान तंबोराच होय. तिला पडदे नसतात, तिच्या तारा मोकळ्याच छेडल्या जातात आणि पट्ट्याने ती छातीशी आडवी-तिरपी धरून चालता येते. मुक्ताईनगरजवळील कोथळीहून पंढरपूरला जाणारी संत मुक्ताबाईंची पालखी ही राज्यातील दूर अंतराच्या पालख्यांपैकी एक असून, ती विदर्भ आणि मराठवाडा ओलांडून जाते. अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या परंपरेतही पायी वारी आहे. हरिनाम सप्ताहात पहाऱ्याचे वीणेकरी बदलतात, परंतु वीणा खाली टेकवायची नाही असा दंडक असल्याने ती नमस्कार करून एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात दिली जाते. तासन् तास उभ्याने पेलायचे वाद्य हलकेच हवे, ही गरज कारागिरांना अशी फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दिंडीच्या वीणेची जवारी (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याची, नाद गुंजत राहील अशी घडण) सहसा फार बारकाईने लावलेली नसते. टाळ-मृदंगाच्या गजरात तेवढ्याने भागते, ख्यालगायकाचे भागत नाही, आणि आधुनिक प्रवासी तंबोऱ्याचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

मोठ्या तंबोऱ्याचा आकार हौसेपोटी वाढलेला नाही. त्याचा भोपळा हे वाळवून कोरलेले फळ असते. पंढरपूर आणि मंगळवेढे परिसरात असे भोपळे मुद्दाम पिकविले जातात व मिरजेच्या कारागिरांकडे जातात. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या भोपळ्याचे कवच पातळ असल्याने त्याच्या पोकळीतील हवा खर्जाला भरीवपणा देते, मात्र एका धक्क्यानेही त्याला चीर जाते. भुसावळ आणि जळगावहून मिरजेला थेट जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस हा खानदेशातील वाद्य दुरुस्तीला नेण्याचा सरळ मार्ग आहे. भोपळा फुटलेला तंबोरा घेऊन या गाडीने केलेला एक प्रवास माणसाला चपट्या वाद्याचा विचार करायला लावण्यास पुरेसा होतो.

वाद्य आटोपशीर करण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत भोपळा काढून त्या जागी लाकडाची चपटी, गिटारपेक्षाही अरुंद पेटी बसवितात आणि एकूण लांबी तीन फुटांच्या आसपास आणतात. बाजारात अशा वाद्याला तानपुरी किंवा बॉक्स तंबोरा म्हणतात. दुसऱ्या रीतीत भोपळा व दांडी यांचा सांधा, म्हणजे गुलूचा भाग, बोल्टने सुटा होईल असा करतात, म्हणजे तारांची मूळ लांबी कायम राहते. भोपळ्याऐवजी फायबरग्लासचे कवच वापरण्याची तडजोड दोन्हींच्या मधली आहे. ते फुटत नाही, पण त्याचा नाद वाळलेल्या फळाच्या नादाइतका मोकळा नसतो.

तार आखूड केली की काय होते, हे गणिताने नेमके सांगता येते. तारेचा स्वर तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो, तसेच तो ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि दर सेंटिमीटर वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. उदाहरणादाखल, घोडीपासून अटीपर्यंतची (दांडीच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीपर्यंतची) ९० सेंमी. तार ६० सेंमी. केली आणि तीच तार त्याच स्वरात लावायची म्हटली, तर ताण पूर्वीच्या ४४ टक्क्यांवर उतरवावा लागतो व तार लोंबू लागते. ताण तोच ठेवायचा तर तार दीडपट जाड घ्यावी लागते. जाड तार मुळात ताठर असल्याने तिचे वरचे उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे उंच स्वर) नेमक्या पटीत न राहता किंचित चढे होतात. म्हणूनच काळी चार किंवा काळी पाच या, पेटीच्या पट्टीवरून ओळखल्या जाणाऱ्या उंच स्वरांत गाणाऱ्या स्त्रियांना लहान तंबोरा बराच चालतो, तर काळी एकच्या पुरुषी खर्जाला तो अपुरा पडतो. काही कारागीर खर्जासाठी गिटारची गुंडाळी तार वापरून ही अडचण कमी करतात.

तंबोऱ्याचा प्राण मात्र पेटीत नसून जवारीत असतो. घोडीचा माथा अगदी मंद उताराचा असतो आणि कंप पावणारी तार त्याला घासत राहते. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवून तो योग्य जागी आला, की एकाच तारेतून उपस्वरांची झुळूक वर चढत जाताना ऐकू येते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील टिपणात दाखविले, की सामान्य तारेत छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर गळायला हवेत तेही या घोडीमुळे उमटतात. याचा व्यावहारिक अर्थ असा, की भोपळा लहान झाल्याने आवाजाचा आकार घटतो, पण जवारी नीट असेल तर त्याचा रंग टिकून राहतो. सैल ताणाच्या तारेला तोच उतार चालत नाही. झोका मोठा असल्याने ती घोडीवर नुसती खडखडते, म्हणून प्रवासी तंबोऱ्याची घोडी निराळी घासावी लागते. पुष्कळ स्वस्त तानपुऱ्यांत हे केलेले नसते आणि दोष लहान आकाराला लावला जातो.

सुट्या सांध्याच्या वाद्याला वेगळीच काळजी लागते. तंबोऱ्याची घोडी पुष्कळदा चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने ती तबलीवर (भोपळ्याच्या तोंडावरील लाकडी झाकणावर) उभी असते. दांडी काढण्यासाठी तारा उतरविल्या, की घोडी सरकते आणि लावलेली जवारी जाते. अनुभवी वादक घोडीच्या चारी कोपऱ्यांशी तबलीवर पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवतात, तर काही कारागीर अशा वाद्यात घोडी कायमची चिकटवून देतात.

खानदेशच्या हवेत खुंट्यांचा प्रश्न सर्वांत आधी जाणवतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. लाकूड सुकून आक्रसते आणि लाकडी खुंटी भोकात घसरू लागते. पावसाळा लागला की तीच खुंटी फुगून घट्ट बसते आणि पिळताना तार तुटते. प्रवासी तंबोऱ्यात त्याजागी गिटारच्या दातेरी चाव्या बसवितात. त्यांनी सूर चढविणे-उतरविणे सोपे जाते आणि तो टिकतोही, मग सूर बारीक जुळविण्यासाठी घोडीमागे तारांत ओवलेल्या मण्यांना फारसे काम उरत नाही. जुन्या वळणाच्या लोकांना लोखंडी चाव्या खटकतात, पण धूळ आणि ऊन खात फिरणाऱ्या वाद्यात त्यांना आक्षेप घेण्यासारखे काही नाही. गवसणीची जागाही आता चेनच्या, आतून फोम लावलेल्या पिशवीने घेतली आहे.

घटलेला आवाज भरून काढण्यासाठी तबलीच्या आतल्या बाजूस लहान पिकअप (कंप टिपणारे साधन) चिकटवून त्याची वायर ध्वनिवर्धकाला जोडण्याची सोय अनेक नव्या वाद्यांत असते. या वाद्याचा खरा प्रतिस्पर्धी मात्र इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे. तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरमध्ये राज नारायण यांनी बाजारात आणला, आणि आता तर तेच काम मोबाइलवरील ॲपही करते. शिकवणीच्या खोलीत यंत्राची सोय निर्विवाद आहे, तरीही स्वतः तारा जुळविल्याने कानाला जी तालीम होते ती त्यात नाही, आणि विद्यार्थ्याने लहान का होईना पण तारांचा तंबोरा बाळगावा यामागचे सबळ कारण हेच आहे. जळगावला जानेवारीत होणाऱ्या बालगंधर्व संगीत महोत्सवासारख्या मैफलींत गायकाच्या मागे दोन मोठे तंबोरे असण्याचा रिवाज आहे. प्रवासी तंबोऱ्याचा वापर त्यामुळे मुख्यतः रियाज, शिकवणी, भजन आणि लहान घरगुती बैठकी यांपुरता राहिला आहे.