बागेतला मोरचूद माशांच्या टाकीत कसा पोचला

जालन्याकडच्या मोसंबीवाल्याला मोरचूद नवा नाही. बोर्डो मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हा हिशेब त्याच्या तोंडावर असतो. हाच निळा खडा समुद्री माशांचं पहिलं भरवशाचं औषध ठरला. संभाजीनगर, लातुरात हौसेनं खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांना मात्र ही गोष्ट बहुधा ठाऊक नसते. औषधाची बाटली ब्रँडच्या नावानं येते, आत तांबं आहे हे लेबलवर बारीक अक्षरात असतं.

समुद्र काचेत ठेवायची हौस लंडनची. तिथल्या प्राणिसंग्रहालयानं १८५३ मध्ये मत्स्यघर उघडलं. पुढच्याच वर्षी निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी चार क्षार मिसळून समुद्राचं पाणी घरी करायची कृती दिली. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांची सोय झाली, म्हणजे एका अर्थी आपलीही. मासे मरायचे ते मात्र मरतच होते. दोष पाण्याला दिला जाई. पाणी बदला, हवा सोडा, जास्त खायला घालू नका, एवढंच काय ते शास्त्र.

विसाव्या शतकात ई. एम. ब्राउन यांनी लंडनच्या टाक्यांतल्या आजारी माशांवरच्या परजीवींचा अभ्यास केला. अंगावर मखमलीसारखी धूळ बसवणारा परजीवी त्यांनी १९३१ मध्ये वर्णिला. त्यालाच आज दुकानदार ‘वेल्व्हेट’ म्हणतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीला १९५१ मध्ये त्यांनीच ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ हे नाव दिलं. त्याआधी १९३० च्या दशकात जपानमध्ये सिकामा यांनी हा रोग नोंदवला होता.

गोड्या पाण्यातल्या माशालाही पांढरे ठिपके येतात, पण तो परजीवी वेगळा. आपल्याकडची गफलत इथंच होते. ‘खडे मीठ टाका, हीटर वाढवा’ हा गोड्या पाण्यातला सल्ला कुणीही देतो. आधीच खाऱ्या असलेल्या पाण्यात आणखी मीठ टाकून काय साधणार?

मोरचुदाची पाळी १९५५ मध्ये आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी वेल्व्हेटवर कॉपर सल्फेट, म्हणजेच मोरचूद, चालतं, हे प्रसिद्ध केलं. द्राक्षवेलींच्या रोगावर फ्रान्समध्ये बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमारासच आलं होतं, माशांना आणखी सत्तर वर्षं थांबावं लागलं. मात्रा मात्र बागेच्या हिशेबाची नाही. पाण्यात तांबं लिटरला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवायचं. मोरचुदात तांबं चौथा हिस्सा, म्हणजे १०० लिटरला मोरचूद फार तर ८० मिलिग्रॅम. बागेच्या फवाऱ्यातला याच्या साडेबारा हजार पट! कृषी केंद्रातला पुडा चिमटीनं टाकायचा नाही तो एवढ्यासाठीच. शिवाय टाकीतली वाळू आणि प्रवाळखडक तांबं शोषून घेतात, त्यामुळे रोज चाचणी करून मात्रा राखावी लागते. कोळंबी, गोगलगाय तर त्यात टिकतच नाहीत.

तरी औषध घालूनही रोग परत का येतो, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीच्या जीवनक्रमात होतं. तो माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस राहतो, आणि तिथं तांबं पोचत नाही. मग गळून तळाशी कोष करतो, त्यातही औषध शिरत नाही. कोषातून शेकडो पिल्लं सुटतात, बहुतेक अंधारात, पहाटेकडे. त्यांना दीडदोन दिवसांत मासा गाठावा लागतो. तांबं मारतं ते एवढ्याच मधल्या टप्प्यावर.

हे धरून इस्राएलमधल्या एलातच्या आंजेलो कोलोर्नी यांनी १९८० च्या दशकात वेगळी वाट काढली. पाण्याचा खारटपणा तिसऱ्या हिश्शापर्यंत उतरवायचा, किंवा दर तीन दिवसांनी मासा दुसऱ्या, वाळवून स्वच्छ केलेल्या नि नव्यानं भरलेल्या टाकीत हलवायचा. चार वेळा हलवलं की गळलेले कोष मागच्या टाक्यांत राहून जातात. औषधाचा थेंबही लागत नाही.

मराठवाड्यात अडतं ते पाण्यावर. एलातला समुद्र दारात आहे. आपल्याला १०० लिटर समुद्र करायला साडेतीन किलोच्या वर विकतचं मीठ आणि आरओचं पाणी लागतं, आणि आरओ जेवढं देतं त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या दिवसांत चार वेळा टाकी बदलायची म्हटलं असतं, तर घरच्यांनी मासा नि मालक दोघांनाही बाहेर काढलं असतं.

म्हणून इथं चालतं ते विलगीकरण. तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखाताकडचा मासा इथवर येईतो त्यानं पिशवीत निदान एक रात्र काढलेली असते, त्या ताणानं दबलेला रोग उसळतो. त्याला आधी ४०-५० लिटरच्या वेगळ्या टाकीत ठेवायचं. आत वाळू नको, खडक नको, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरे. एवढ्याशा पाण्यात तांबंही नीट मोजता येतं नि पाणी बदलणंही परवडतं.

रोग मोठ्या टाकीत शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती तशीच चालू ठेवावी लागते. कोष फुटायला एका नोंदीत ७२ दिवस लागलेत. अडीच महिने दिवा, पंप, वीजबिल सगळं सुरू, आणि काचेमागे फक्त गोगलगायी फिरतात.