मांजर घरात ठेवली की झुरते?

“बिचारीला कोंडून ठेवलंय, झुरून मरेल,” असं सोलापुरात शेजारपाजारचे हमखास ऐकवतात. मांजर झुरते ती कंटाळ्यानं, दार बंद असल्यामुळे नव्हे. दिवसाचे 12 ते 16 तास ती झोपतेच. उरलेल्या वेळात तिला शिकार हवी. खोटी चालते. दोरीला पीस बांधून पहाटे आणि तिन्हीसांजेला दहा-दहा मिनिटं पळवा, शेवटी ते पकडू द्या आणि लगेच खायला घाला. शिकार, मग जेवण, मग झोप, हा तिचा क्रम. खेळ संपला की दोरी उचलून ठेवा. आमच्या पूर्व भागात, म्हणजे सोलापूरच्या विणकरांच्या वस्तीत, तर मागाचं सूत कुठंही पडलेलं असतं. ते गिळलं तर आतड्यात अडकून जिवावर बेततं.

उंच जागा हवीच. कपाटावर जुनी सोलापुरी चादर अंथरली तरी राणीसाहेब खूश! खिडकीला मात्र घट्ट जाळी बसवा. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. पाणीच बरं का, दूध नव्हे. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात.