कापणाऱ्याआधी आवरणारा

आपल्या शरीरातल्या असंख्य पेशी स्वतःच्याच डीएनएचे तुकडे पाडू शकणारं एक विकर जवळ बाळगून असतात. त्याचं नाव कॅड. पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो, आणि त्यावरचा मजकूर काय आहे याच्याशी कॅडला फारसं देणंघेणं नाही. समोर येईल तिथे ते कापतं. तरीही पेशी सुखरूप राहते, कारण आयकॅड नावाचं दुसरं प्रथिन त्याला घट्ट धरून बसलेलं असतं.

इथवर नवल काही नाही. घातक विकराला आवरून धरणारा निरोधक असायचाच. गंमत पुढे आहे. रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, कॅडची साखळी तयार होत असतानाच आयकॅड तिला येऊन चिकटतं आणि तिची घडी नीट बसवायला मदत करतं. प्रयोगशाळेत आयकॅडशिवाय कॅड बनवलं, तर घडी चुकते आणि हाती कापता न येणारा गोळा लागतो. म्हणजे निरोधक कमी पडला म्हणून मोकाट विकर तयार होईल ही भीतीच उरत नाही. निरोधक नाही तर विकरही नाही. विकर आधी बनवायचं आणि मग त्याच्यामागे निरोधक धाडायचा, यापेक्षा ही व्यवस्था मला कितीतरी चोख वाटते.

पेशीचं मरण ठरलं की चित्र पालटतं. या नियोजित मृत्यूला ॲपोप्टोसिस म्हणतात. त्यात कॅस्पेज-३ हे प्रथिनं कापणारं विकर जागं होतं आणि आयकॅडला दोन ठिकाणी छेदतं. त्याचे तुकडे गळून पडतात. आता कॅडचे रेणू जोडीने एकत्र येऊ शकतात, आणि या जोडीचा आकार खरोखरच कात्रीसारखा असतो: दोन पात्यांमध्ये खोल फट आणि कापायची जागा त्या फटीच्या आत. हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए तिथे शिरू शकत नाही, दोन गुंडाळ्यांमधला मोकळा भाग मात्र शिरतो. त्यामुळे तुकडे साधारण १८० ते २०० बेसजोड्यांच्या (डीएनएची लांबी मोजायचं एकक) पटीत पडतात आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर एकाखाली एक पट्ट्यांची शिडी उमटते. ही शिडी १९८० मध्येच ॲपोप्टोसिसशी जोडली गेली होती. ती पाडणारं विकर आणि त्याचा निरोधक मात्र १९९७-९८ मध्ये हाती लागले, अमेरिकेत शियाओडाँग वांग यांच्या आणि जपानमध्ये शिगेकाझू नागाता यांच्या गटाला.

जीवाणूंनी हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. ई. कोलायचे काही वाण शेजारच्या जीवाणूंना मारायला कोलिसिन ई९ बनवतात. तेही डीएनए कापतं. बनवणाऱ्याचाच जीव जाऊ नये म्हणून त्याच्या जनुकाला लागूनच आयएम९ या निरोधकाचं जनुक असतं. या दोघांची पकड प्रथिनांमधल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी एक मानली जाते. गंमत म्हणजे आयएम९ कापायची जागा बुजवत नाही. ते तिच्या बाजूला बसतं, आणि त्याच्यावरचे ऋणभार डीएनएच्या ऋणभारांना जवळ फिरकू देत नाहीत. कोलिसिन बाहेर पडतानाही आयएम९ सोबत असतं. शत्रूच्या पेशीत शिरताना ते मागे राहतं. तीच जनुकं असलेल्या, पण त्या वेळी कोलिसिन न बनवणाऱ्या जातभाईंकडेही स्वतःचं आयएम९ असतं, म्हणून ते वाचतात.

माणसाकडे परत येऊ. कॅडचं काम फक्त मृत्यूपुरतं नाही. स्नायूपेशी परिपक्व होत असताना आयकॅडची पकड थोडी ढिली पडते, डीएनएला मोजके छेद जातात आणि त्यातून काही जनुकं कामाला लागतात. पेशी मात्र मरत नाही. हे २०१० मध्ये दिसून आलं. निरोधक म्हणजे फक्त चालू-बंद करायची कळ, ही समजूत इथे अपुरी पडते.

आयकॅडचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत कापणारं कॅडही नसतं, तरीही ते जगतात. त्यांच्या मेलेल्या पेशींचा डीएनए भक्षकपेशी गिळतात आणि डीएनेज-२ हे विकर तो पचवतं. त्याच्यावर वचक असतो तो जागेचा: ते लायसोसोम या पेशीतल्या पचनाच्या पिशवीतल्या आम्लातच नीट चालतं. डीएनेज-२ नसलेले उंदीर मात्र जन्माआधीच तीव्र रक्तक्षयाने मरतात, कारण लाल रक्तपेशी बनताना त्यांनी टाकून दिलेली केंद्रकं भक्षकपेशींच्या पोटात न पचता साचत जातात.