एका वाईटावर तीन चांगले? हिशेब इतका सोपा नाही

दादरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: एका वाईट अनुभवावर तीन चांगले मिळाले की मन फुलतं, ‘विज्ञानाने सिद्ध केलंय’.

तसं काही सिद्ध झालेलं नाही. हा आकडा आला २००५ साली मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेड्रिकसन आणि मार्सियल लोसाडा यांच्या लेखातून. तिथे तो तीनही नव्हता, चक्क २.९०१३ होता! सोनारसुद्धा इतकं काटेकोर तोलत नसेल. द्रवांच्या प्रवाहासाठी असलेली समीकरणं माणसाच्या भावनांना लावून तो काढला होता. २०१३ मध्ये निक ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी त्यातला फोलपणा दाखवला आणि लेखातलं ते गणित मागे घेतलं गेलं.

वाईटाचा ठसा खोल उमटतो, हे मात्र खरं. धोक्याकडे दुर्लक्ष झालं तर जीवावर बेततं. संधी हुकली तर पुन्हा मिळू शकते. म्हणून मेंदू आधी धोका टिपतो. वेळेवर आलेल्या शंभर लोकल कुणाला आठवतात? रद्द झालेली एक बरोबर आठवते.

पण ठसा तसाच राहतो, असंही नाही. कटू आठवणीतला सल गोड आठवणीतल्या आनंदापेक्षा सहसा लवकर ओसरतो. त्याच २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माझे काका कमरेएवढ्या पाण्यातून कुर्ल्याहून चालत निघाले होते. आता ते सांगताना पाणी दोन वाक्यांत ओसरतं; वाटेत अनोळखी लोकांनी दिलेला चहा-बिस्किटं मात्र अर्धा तास पुरतात.